उजवीकडची, खालची, सहावी

मुंगी डॉक्टरांची मुलगी आता त्यांच्याच खुर्चीशी उभी असते.
तिनं दाढेवर हवेचा एक बारीक फुत्कार सोडला
आणि मी, एकसष्ट वर्षांचा माणूस,
दोन्ही हातांनी खुर्ची धरून
छताला हात लावून आलो.
"काका, हिरडी खाली सरकलीय. मूळ उघडं पडलंय.
फार जोरानं घासता तुम्ही."

जोरानं तर जोरानं.
पालद्याच्या बर्फाच्या कारखान्यात चौतीस वर्षं
लाद्यांचा हिशेब ठेवला मी.
तिथं हलक्या हातानं काही होतच नसे.
मे महिन्यात सकाळी सहापासून फाटकाशी टेम्पो,
लग्नघरचे मामे, रसवाले, कुल्फीवाले,
"भिया, पाच सिल्ली, जल्दी!"
भुशात गुंडाळलेली लादी, तिच्यावर ओली गोणी,
आणि माझ्या वहीवर थेंब, नेमके रकमेच्या रकान्यात.

दुपारी गर्दी ओसरली की रघुवीर
सुव्यानं उडालेला एखादा काचेसारखा तुकडा
टेबलावर आणून ठेवायचा.
हातचा धरता धरता मी तो चावून संपवायचो.
कडाम कडाम.
मालक आतून विचारायचे, कोण अक्रोड फोडतंय?

आणि आता माठातलं पाणीसुद्धा
आधी चूळ भरून विचारावं लागतं, येऊ का?
दुखणं नाही म्हणता येत त्याला.
बंद खोलीत कोणी ट्यूबलाइट लावावी
आणि आपण डोळे मिटेपर्यंत विझवावी,
तेवढंच.
पण त्या तेवढ्यात
खोलीतलं सगळं दिसून जातं.

रविवारी सराफ्यात गेलो. नात आली होती पुण्याहून,
तिला रात्री अकरा वाजता सोन्याच्या दुकानांच्या पायऱ्यांवर
जेवणारं शहर बघायचं होतं.
भुट्ट्याचा कीस झाला, गराडू मिळत नाहीत उन्हाळ्यात
यावर माझं व्याख्यान झालं,
मग शिकंजी.
पुण्याची पोर म्हणाली, "लिंबू कुठाय यात?"
शेजारचे चार जण हसले. इंदुरात एवढा अधिकार सगळ्यांनाच असतो.
दूध, केशर, जायफळ, चारोळी,
आणि गार. इतकी गार की ग्लासाला बोटं चिकटावीत.

मी माझा ग्लास तिच्याकडे सरकवला.
म्हटलं, "घे तूच. मला गार फारसं आवडत नाही."

हे वाक्य माझं नव्हतं.

कुठं ऐकलंय, कुठं ऐकलंय,
म्हणून मान वळवली तर कुमुद माझ्याकडे बघत होती.
तिचाही ग्लास सरकलेला होता,
नेहमीसारखा, माझ्या दिशेनं.

मी हिशेबाचा माणूस. तिथंच उभ्या उभ्या मागं गेलो:
छप्पन दुकानचं कोल्ड कॉफीचं दुसरं पेलं,
महूच्या लग्नातली पिस्त्याची कुल्फी,
रेल्वेत कुल्हडभर लस्सी,
दर वेळी दोन. दर वेळी मीच.
आणि वर घरभर सांगत फिरलो,
हिला कशाची हौसच नाही.

"कधीपासून?"
"ऋतूच्या वेळी सातवा होता तेव्हापासून."
ऋतू आता तेहेतीसची. तिचीच पोर समोर
ओठावर पांढरी मिशी घेऊन उभी.
"बोलली का नाहीस?"
"काय बोलायचं? दातच तो.
आणि तुम्हाला दुसरा ग्लास आवडायचा."

काही सुचेना. शिकंजीवाला म्हणाला,
"काकाजी, रबडी बन जाएगी, पी लो."
कुमुदनं चमचा मागून घेतला,
अर्धा भरला, माझ्यापुढे धरला,
आणि चौथीतल्या मुलाला पाढा समजवावा तशी,
हळू, आजूबाजूला ऐकू जाणार नाही अशी म्हणाली,

"डावीकडे घ्या.
जीभ आडवी घाला मधे.
लगेच गिळू नका, जरा थांबा.
दाढेला कळू द्यायचं नाही."