औटकी

दाव्याचा नंबर मला पाठ झाला आहे.
यांना स्वतःचं नाव अर्ध्यात सुटतं.
पद्माकर, म्हणतात, आणि थांबतात,
आडनाव समोरच्या भिंतीवर लिहिलेलं असावं
तसे शोधत राहतात.

भदौरिया वकिलांनी आदल्या दिवशी बजावलं होतं,
भाभीजी, कल इनकी दाढ़ी मत बनवाना.
मी केली.
एकोणतीस वर्षं दौलतगंजातल्या पेढीवर
हा माणूस बिनइस्त्रीचा गेला नाही,
तो कोर्टात खुंट वाढवून जाईल?

ही दहावी तारीख.
एकदा साहेब रजेवर, एकदा वकिलांचा संप,
एकदा डंपरचा मालकच सापडेना.
बाकावर बसून यांनी दर वेळी
पंख्याची पाती मोजली. तीन.
पुन्हा मोजली.

आज विमा कंपनीचे कुलश्रेष्ठ उठले.
आवाज मऊ, पंगतीत जिलबीचा आग्रह करावा तसा.
बाबूजी, आप तो मुनीम थे. पहाड़े याद हैं?
हे उभे राहिले. कॉलर सारखी केली.
साढ़े तीन का? म्हणाले,
आणि कुणी हो म्हणायच्या आत मराठीत शिरले.
छावणीतल्या ओट्यावर सासऱ्यांनी
छडी घेऊन घोकून घेतलेली औटकी –
एक औट औट, दोन औट सात,
तीन औट साडेदहा.

टायपिस्टचे हात थांबले.
मागे कुणी मोबाइलवर गुणून बघत होतं.
तेरा औट साडेपंचेचाळीस.
रीडर पुटपुटला,
मराठी में है साहब, पर सही है.

काय सांगू, ऊर भरून आला.
अडीच वर्षांनी ऐकत होते मी तो आवाज,
सलग, दिवाळीला वही बंद करतानाचा.
आणि भदौरिया खाली मान घालून
कागदाचा कोपरा दुमडत होते.
एकेका बरोबर उत्तराला
आमचे पैसे कमी होत होते.

साहेब, यांना विचारा सकाळी काय खाल्लं.
विचारा, ही शेजारी बसलेली कोण.
मला बाई म्हणतात, आदराने.
पाणी दिलं की आभार मानतात.
शाल्मली आली की उठून तिला खुर्ची देतात,
घरचे सगळे बरे ना, विचारतात.
आणि रात्री दोन वाजता अशी एक शिवी
जी मी या घरात कधी ऐकली नव्हती.
पण साक्षीची पाळी माझी नव्हती.
पुढची तारीख मिळाली.

टेंपोत यांनी माझी पिशवी मांडीवर घेतली,
बाई, तुम्ही दमलात.

संध्याकाळी मी त्यांच्यापुढे पाठकोरा कागद ठेवला.
चौदा हजार पगार, म्हटलं, वर्षाचा किती?
एक लाख अडुसष्ट हजार.
वय त्रेपन्न, तर अकराने गुणायचं असतं.
अठरा लाख अठ्ठेचाळीस. कागदाकडे बघितलंसुद्धा नाही.
त्याचे साठ टक्के?
अकरा लाख आठ हजार आठशे.
कंपनी तीस म्हणते, हे मी सांगितलं नाही.

कोणाचं खातं आहे, त्यांनी विचारलं.
आहेत एक, म्हटलं, ओळखीचे.
डोक्याला मार बसलाय. बोर्डाने साठ लिहिलेत.

बराच वेळ ते आकड्यांकडे बघत राहिले,
जमाखर्चात रुपया चुकला की बघत तसे.
मग म्हणाले, आणि चाळीस?
चाळीस कुठे जमा धरलेत?
असं अधांतरी सोडता येत नाही, बाई.

मी म्हटलं, घरीच आहेत.

त्यांनी मान हलवली. पटलं नसावं.
सवयीने पेन्सिल कानावर ठेवायला गेले,
डाव्या, जिथे टाके पडलेत आणि केस उगवत नाहीत.
घसरली.
उचलून परत ठेवली.