पंचांगवाल्यांची वही

डेनिस पॉगसननं बँड सोडला एकाहत्तरच्या मे महिन्यात.
दांडिया बाजारात मात्र तो
चौऱ्याहत्तरच्या दिवाळीपर्यंत ड्रम वाजवत होता.
आम्हाला कुणी कळवलंच नव्हतं.

टिन अल्मनॅक. लीड्सकडची पाच पोरं.
ताम्हाण्याचे वडील म्हणायचे,
आले का तुमचे पंचांगवाले? दार लावून घ्या.

पहिली रेकॉर्ड शुक्रवारी बाजारात सापडली,
पितळी बंब आणि मोडक्या शिलाई मशीनच्या मध्ये.
कारखान्यातला कुणी साहेब मायदेशी जाताना टाकून गेला असणार.
विकणाऱ्यानं आधीच सांगितलं, भाई, पाछळथी बोलता नै,
एका बाजूला एकच गाणं आहे,
बिघडलेली असेल.
बावीस मिनिटांचं गाणं.
आठ रुपयांना दिली.

मी तेव्हा म्युझिक कॉलेजात तबल्याला होतो.
दुसऱ्याच मिनिटाला बोटं आपोआप मोजायला लागली:
तीं तीं ना, धीं ना, धीं ना.
रूपक आहे, मी म्हणालो.
ताम्हाणे म्हणाला, त्यांना माहीत आहे का?
नसेल.
पण पॉगसन समेवर कधी आदळायचा नाही,
झोपलेलं पोर पाळण्यात ठेवावं
तशी ती खाली ठेवून द्यायचा.

ताम्हाणे बँकेत लागला आणि त्यानं वही घातली.
तांबड्या रेघा, पाच रकाने:
नाव, वाद्य, आला, गेला, कारण.
कीबोर्डवाला हेम्स, पैशावरून.
पॉगसन, मेंढ्या पाळायला (हे एका जुन्या मासिकात मिळालं,
निम्मं पान भजीवाल्यानं फाडलेलं).
गायक क्रेल दोनदा आला, तीनदा गेला.
हा हिशेब ताम्हाण्याला कधी जुळवता आला नाही.
ताळेबंद न लागल्यासारखा रात्री उशिरापर्यंत बसायचा,
समोर सेव-उसळ गार होत.

तिसरी रेकॉर्ड जोडरेकॉर्ड होती, एका बुडालेल्या गावावर.
चौथी खूप खपली. पाचवी त्यांनी एकमेकांशी न बोलता केली म्हणे,
आणि ऐकताना ते कळतं: प्रत्येक जण
दुसरा खोलीबाहेर गेल्यावर वाजवल्यासारखा.
अठ्ठ्याहत्तरला केस कापले,
गाणी साडेतीन मिनिटांची केली.
ताम्हाण्यानं ती कॅसेट एकदा ऐकली,
रुमालात गुंडाळून कपाटात वर टाकली.
बोलला काहीच नाही.

पुढे दोन टिन अल्मनॅक झाले, मग कोर्ट.
रावपुऱ्यात चष्म्याची दोन दुकानं आहेत शेजारी शेजारी,
एकच नाव, दोन्हींवर 'मूळ' लिहिलेलं.
आम्हाला समजावून सांगावं लागलं नाही.

मधली वीस वर्षं वहीत कोरीच आहेत.
त्यात माझं लग्न, त्याचं न झालेलं लग्न,
माझा तबला सुटला, त्याची बदली, परत बदली.

मग भाच्याच्या फोनवर एक दिवस दिसले:
पाच जण, मूळचा एकही नाही,
गिटारवाला तर आमच्या रेकॉर्डपेक्षा लहान.
नाव तेच. बावीस मिनिटंही तीच, सेकंद चुकला नाही.
मी म्हणालो, मिटव आता वही.
ताम्हाणे म्हणाला, सुरसागरात तरी पाणी कुठं जुनं आहे?

पॉगसन गेल्याची बातमी त्याच दुपारी आली.
पन्नास वर्षांत प्रथमच तिकडचं काही वेळेवर पोचलं.
ताम्हाण्याला ते आवडलं नाही.
नोंद करायलाही त्यानं आठवडा लावला.

ताम्हाणे गेला त्याला चौदा महिने झाले.
वही आता माझ्याकडे आहे.
शेवटच्या पानावर त्यानंच आखून ठेवलंय:
ताम्हाणे, वाद्य नाही, आला त्र्याहत्तर.
पुढचे दोन रकाने मोकळे.

शाई आणली आहे मी, तांबडी.
पण घाई कसली?
जुन्या टपालाच्या हिशेबानं
हे मला कळायला अजून सव्वादोन वर्षं आहेत.
तोवर शुक्रवारी संध्याकाळी
दार लावून घेतो.