पोटखराबा

पहिल्यांदा वाटलं, पानच जड आहे.
गाव निवडलं, सर्व्हे नंबर टाकला, हिस्सा टाकला,
आणि शेवटच्या बटणाला हात लावताच
ब्राउझर गेला.
खिडकी मिटली म्हणावं तर तसंही नाही,
ती नव्हतीच, असं झालं.
मागं उरला मुत्तुराजनं लावलेला गोकाकचा धबधबा.

तवनाप्पा मगदूम बाकावर बसून.
मोजणी खात्यातून निवृत्त, मांडीवर पिशवी.
"परत काय ओ अक्का?"
"परत."
चार दिवस आमचं बोलणं एवढंच.

मशीन जुनं,
तंबाखूच्या अडतीतून मोडीत घेतलेलं.
पंखा फिरला की अजून जर्द्याचा वास सुटतो.
विंडोज त्याला पेलेना, म्हणून हुक्केरीच्या मुत्तुराजनं
त्यात लिनक्स घातलं
आणि स्वतः हुबळीला नोकरीला गेला.
आता तो फोनवर असतो.

"टर्मिनलमधून उघडा," म्हणाला.
काळ्यावर पांढऱ्या ओळी सरसर उतरल्या,
सगळ्यात खाली सेगमेंटेशन फॉल्ट.
"म्हणजे रे?"
"जी जागा त्याची नाही तिथं गेला,
म्हणून सिस्टिमनं मारला त्याला."
मी हे मोठ्यानं सांगून बसले,
आणि निपाणीत असलं वाक्य मोठ्यानं सांगू नये.
झेरॉक्सला थांबलेला एकजण हसला.
दुसरा हसला नाही.

एक्स्टेन्शन काढली.
जुनं प्रोफाइल बाजूला सारून कोरं केलं;
लोकांचे साठवलेले पासवर्ड गेले,
तासाभरानं ब्राउझरही गेला.
ग्राफिक्सचा वेग बंद केला.
ब्राउझरच बदलला,
तर नवा पहिल्याच पीडीएफला आडवा.
मुत्तुराज बराच वेळ गप्प, मग म्हणाला,
"अक्का, दोष त्याचा नसंल. रॅम तपासा."

तपासणी लावली, शटर ओढलं, घरी आले.
सकाळी पडदाभर लाल.
एकच पत्ता, पुन्हा पुन्हा तोच,
आकड्या-अक्षरांची खिचडी.
स्कॉलरशिपच्या फॉर्मच्या पाठीवर उतरवून घेतला.
पट्टी काढली, खोडरबरानं तिचे पिवळे दात घासले,
बसवली. परत तोच पत्ता.
या जातीची पट्टी आता येत नाही म्हणे,
कोल्हापूरला बघा, नाहीतर बेळगावला.

तवनाप्पांनी ती तळहातावर घेतली,
चष्मा कपाळावर सारून डोळ्याजवळ नेली.
हिरव्यावर आठ काळे चौकोन, मधे बांध.
"किती हो रान हे?"
"चार जीबी."
"आणि खराब?"
"एवढंसं. एक पत्ता."
"मग सगळं रान कशाला टाकूलालाय?
पोटखराबा लावा की त्याला."

तीस वर्षं त्यांनी हेच केलेलं.
ओढा, खडक, गाडीवाट, मसणवट,
जिथं पीक उभं राहत नाही ते मोजायचं,
उताऱ्यात वेगळं दाखवायचं,
बाकीचं कसायला मोकळं.

हसू दाबत फोन लावला.
पलीकडं मुत्तुराज हसला नाही.
"हौदु अक्का," म्हणाला, "जमतंय की.
मला का सुचलं नाही?"
मशीन जागं होताना वाचतं त्या फाइलीत
एक ओळ वाढवायची,
इथून इथपर्यंत जाऊ नकोस.
तवनाप्पांनी पत्ता वाचून दाखवला,
एकेक अक्षर, शून्याला पूज्य म्हणत.
मी टाइप केलं. एंटर दाबायच्या आधी
त्यांनी विचारलं, "नोंद झाली, सही कुणाची?"

उतारा निघाला.
त्यांनी नाव बघितलं नाही, क्षेत्र बघितलं नाही,
नख थेट पोटखराब्याच्या रकान्यावर.
"तीन गुंठे. माझीच मोजणी."
वीस रुपये काउंटरवर ठेवून उठले,
मी नको म्हणेतो पायरी उतरलेले.

त्यानंतर ब्राउझर पडलाच नाही असं नाही.
एकदा पडला.
पण तेव्हा अख्ख्या गल्लीची लाईट गेली होती.