वार

नाशिक सिव्हिलची मागची खोली. बुधवार.
बादलीवर चिठ्ठी: चंद्री भोये, सुरगाणा, मलेरिया.
मुलगी. दोन किलो शंभर. रडली.

मी वार काट्यावर ठेवते.
तीनशे नव्वद. कमीच.
नाळ अजून ओली.

हिच्या वरच्या थरातल्या पेशी
मधल्या भिंती पाडून
एकच सलग कातडं होतात,
शिवण नाही, सांधा नाही.
घुसणाऱ्याला फट लागते.

दाराशी नवरा उभा,
नखांत द्राक्षांच्या डिपिंगचा हिरवा मळ.
"मॅडम, वार द्या आमची. पुरायचीय."
दोन बोटांएवढा तुकडा ठेवून
बाकीची पिशवीत देते.
हळद त्यानं घरूनच आणलीय, पेपरच्या पुडीत.

शुक्रवारी काचेवर ते दिसतात:
आईच्या रक्तातून येऊन थराला चिकटलेले,
त्यांचा तपकिरी चुरा, चहाच्या गाळासारखा,
भोवती तिच्याच पांढऱ्या पेशी,
धावत आलेल्या,
गिळून गिळून फुगलेल्या.
ह्याच गर्दीत
पोरीचा घास अडला असणार.

थराच्या अलीकडे, पोरीच्या रक्तात, शोधते.
शंभर फील्ड. मग दोनशे.
डोळे चुरचुरतात.
नाही. एकही नाही.

फॉर्मवर वरच छापलंय: दिनांक, वार.
मी शुक्रवार लिहिते
आणि पेन तिथेच थांबतं थोडं.

तिकडे सुरगाण्यात, कुठल्याशा उंबऱ्याशी,
बाकीची वार आज तिसऱ्या दिवशी मातीत.
इथे हा तुकडा
मेणाच्या ठोकळ्यात, माझ्या कप्प्यात,
नंबर चारशे बारा.