टेकडी घरी नव्हती

पुंजारामच्या वहीत एकेचाळीस टेकड्या आहेत.
लाइनमन होता तेव्हा खांब मोजायचा,
रिटायर झाला आणि बोटं रिकामी राहिली,
म्हणून ही वही:
नाव, तारीख, वर पोचल्याची वेळ,
आणि शेरा. “दगड सैल.” “माकडं फार.”
“शकीलाबाईचा डबा, जवसाची चटणी.”

बेचाळिसावी मेंढ्याबल्डी.
परतवाड्याहून पहाटेची एसटी,
घाटात कंडक्टर झोपलेला, आम्ही चौघं जागे.
बोरीखेड्याला उतरलो तेव्हा
आभाळ पुसलेल्या पाटीसारखं कोरं.
वासुदेव ढोकेनं गुडघा दाबून पाहिला,
म्हणाला, “दुपारच्या आत येते.”
जिनिंगमध्ये तीस वर्षं कापूस तोलला त्यानं,
हवेतली ओल त्याला किलोत कळते.
पण भादवा सरत आलेला, ऊन चटचटतं.
आम्ही हसलो.

कुटकीच्या वावरातून वाट वर जाते.
सागाच्या पानांची अळ्यांनी चाळणी केलेली,
तिच्यातून उजेड गळत होता
शकीलाच्या ओढणीवर.
ती पुढं. ती नेहमीच पुढं.
अंगणवाड्या तपासत तिनं इतके डोंगर पायी काढलेत
की तिला वही लागत नाही.
मी मागं. पाठीवर पाणी, चार हिरवी आंबट संत्री,
डोक्यात सातवी ‘ब’चे न तपासलेले पेपर.

अर्ध्यावर एक सर आली, तिरपी,
उन्हाला न विचारता.
मग ऊन रुसून गेलं.
मग दोघं परत आले, भांडत.
मग काहीच नाही, नुसतं पांढरं:
धुकं खोऱ्यातून वर आलं
आपण दुसरीकडं पाहत असताना दूध येतं तसं.
वासुदेव गुडघ्याला म्हणाला,
“तू सांगतलं होतं न बावा.”

चढ संपला.
पायाखाली सपाट, दगडांची एक रास.
पुंजारामनं काठीनं चारी बाजू चाचपल्या,
अंधारात खाटेची कड शोधतात तशा.
उतार, उतार, उतार, उतार.
“हेच.”
वही निघाली, पिशवीतल्या पिशवीतून.
बेचाळीस. अकरा वाजून दहा.
भाकर भिजली होती, तरी सगळी संपली.
शकीला म्हणाली, फोटोत आपण चार भुतं दिसतो.

आणि धुकं फाटलं.
एकदम नाही, जुनं धोतर फाटतं तसं, मधोमध, आवाज करत नाही म्हणावं तर वारा होताच.
समोर, खिंडीपलीकडं,
आमच्याहून दोनशे हात उंच,
अंगावर ताजं ऊन घेऊन
ती.

पुंजारामकडं कोणी पाहिलं नाही.
खालून शेळ्या आल्या, मागून सुखलाल कासदेकर,
वय बारा असेल, डोक्यावर खताची पिशवी.
मेंढ्याबल्डी तेच काय रे?
तो इतका हसला की एक शेळी थांबली.
“ते बी नोहोय. ते तिची बहीण.
मेंढ्याबल्डी अथून दिसतच नाही.”

चारची गाडी. वासुदेवचा गुडघा वांग्याएवढा.
मी म्हटलं, लिहिलंय ते राहू द्या,
कोण येते पाहायला.
शकीला बोलली नाही बराच वेळ.
मग म्हणाली, “काहून हो, चुकीच्या खांबावर
तार जोडली होती का कधी?”
पुंजारामनं चष्मा पुसला,
ओल्याच रुमालानं, म्हणजे आणखी धूसर केला,
बेचाळीसवर एक सरळ रेघ मारली
आणि शेऱ्यात लिहिलं:
“आलो होतो. टेकडी घरी नव्हती.”

उतरताना कपडे अंगावरच वाळले,
परत भिजले, परत वाळले.
मी संत्री सोलली; तोंडं वाकडी करत सगळ्यांनी खाल्ली.
सुखलालनं दोन फोडी खिशात ठेवल्या.

गाडी आली पावणेपाचला.
वासुदेव बसल्याबसल्या घोरू लागला.
पुंजाराम बाहीनं काच पुसत होता,
बाहेर एकामागं एक निळे डोंगर सरकत होते, बिननावाचे.
कंडक्टर जागा होता या वेळी.
“किती?”
“एकेचाळीस,” पुंजाराम म्हणाला.
मग सावरून, “चार. परतवाडा.”