लाटांच्या मागची खोली

तिकिटावर छापलंय : सकाळी दहा ते संध्याकाळी सहा,
एकदा बाहेर पडलात की पुन्हा आत नाही.
आणि सोयरूची झोप साडेबाराची.
हे दोन नियम ज्यांनी केले
त्यांची कधी भेट झालेली नसावी.

डिचोलीहून निघतानाच म्हटलं होतं गुरुदासला,
गाडीत झोपू देऊ नकोस, म्हापशापर्यंत बोलत राहा.
तो बोलत राहिला. गायी दाखवल्या, खाणीचे ट्रक दाखवले,
शेवटी ऑफिसातलं राजकारण सांगायला लागला
आणि पोर अस्नोड्याच्या पुलावर पेंगलं.
सात मिनिटं. फक्त सात.
पण सात मिनिटांची झोप म्हणजे
दुधात पडलेला लिंबाचा थेंब,
पुढची अख्खी दुपार फाटते.

बाराला त्याने डोळे चोळले.
सव्वाबाराला चपला भिरकावल्या, एक सापडली.
साडेबाराला पिवळ्या घसरगुंडीच्या पायथ्याशी
आडवं पडून सगळ्या बार्देशाला कळवलं
की त्याला झोप आलेली नाही.

तन्मयी तिकडे उंचीच्या पट्टीपाशी, टाचा उचलून.
महिनाभर बोटं मोजलीत तिने या दिवसासाठी.
‘तू थांब तिच्याजवळ,’ मी म्हटलं,
आणि बारा किलोंचा ओला नकार खांद्यावर टाकून
निघाले सावली शोधत.

छत्र्यांखाली स्पीकर.
बदामाखाली कुणाची तरी सहल, भेळ कालवत.
लॉकरजवळच्या बाकावर माझ्याआधी ऊन येऊन बसलेलं.
कुंपणापलीकडे हणजूण झोपला असणार, मला ठाऊक होतं :
फार्मसीचं शटर खाली, पदेराची सायकल भिंतीला,
माणसं शीत-कढी जेवून आडवी,
चारपर्यंत कोणी कोणाला हाक मारायची नाही.
जागं फक्त कुंपणाच्या आतलं,
तेही पैसे भरून.

‘बाये, हांगा हाड ताका.’

लाटांच्या तळ्यामागे एक दार, त्यावर कवटी आणि वीज.
दारात कायतान, कोपरापर्यंत ग्रीस.
आत पंप घुमत होते.
एवढ्या आवाजात? मी विचारलं.
आवाजातच, तो म्हणाला, दर शनिवारी एक तरी येतं.

भिंतीशी घडीची खाट, क्लोरीनचा वास.
सोयरूने एकदाच माझ्याकडे पाहिलं,
फसवले जाण्याआधी माणसं बघतात तसं,
आणि त्या घुमण्याच्या तळाला गेला.

दीडला भोंगा झाला. कायतानने दांडा ओढला.
पलीकडे समुद्र सुरू झाला,
दोन-तीनशे माणसं एकदम किंचाळली.
त्यातली एक किंकाळी तन्मयीची असणार,
मला ओळखता आली नाही.
सोयरूचं एक बोट हललं, तेवढंच.
खरा समुद्र इथून दोन किलोमीटर,
त्याला असा दांडा नाही.

‘दहा मिनिटं,’ कायतान म्हणाला, ‘मग तळंही निजतं.’
हात पुसत राहिला, पुसूनही काळेच.
मग म्हणाला, बोटीवर होतो मी. इंजिनात. एकवीस वर्षं.
माझी तिन्ही पोरं निजलेली पाहिली ती
बायकोने पाठवलेल्या फोटोंत.

मी काही बोलले नाही.
ओढणीचं पाणी लादीवर ठिबकत होतं.

दोन वाजून पाच मिनिटांनी गुरुदास आला शोधत,
एका हाताला तन्मयी, दुसऱ्यात ती चप्पल.
‘आई, मी बोटभर कमी पडले,’
ती दारातूनच ओरडली.
कायतानने ओठांवर काळं बोट ठेवलं.
ती खाटेच्या कडेवर टेकली, फुरंगटून,
टेकल्या टेकल्या कलंडली
भावाच्या पायांवर.

तिकिटाचे चार तास शिल्लक.
आम्ही दोघं उभे, मनगटांना निळ्या पट्ट्या,
काय करायचं ते न सुचून.
कायतान घड्याळाकडे बघत होता.
पुढच्या लाटेला अजून पंचवीस मिनिटं.