दोन टेकड्या, एक डोंगा

टेंभरटेक आन् खैरी,
ढोरं चारायच्या टेकड्या होत्या गावाच्या.
धरण भरलं, मधली वावरं गेली,
आता कागदावर बेट क्रमांक एक, बेट क्रमांक दोन.
एक कोणतं, यावर भांडण अजून चालू आहे.

पोहरकर मॅडम भंडाऱ्याहून आल्या,
अंगात फुगलेलं जाकीट, मांडीवर फॉर्म,
एका हातानं डोंग्याचा काठ गच्च धरलेला.
म्हणाल्या, राहणीमानाचा सर्वे आहे, दादा,
दोन्हीकडचे गुण द्यायचे, दहापैकी.
म्या म्हटलं, लिहा जी.

टेंभरटेकावर सोलर आहे. सहा दिवे, चार लागतात.
अंगणवाडीची बाई गुरुवारी येते, वारा नसला तर.
पण बोरचं पाणी असं जड
की लाखोरीची डाळ तीन विस्तव खाते
आन् दाणा तसाच, टणक.

खैरीला अंधार.
दिवस बुडाला की माणसं आवाजावरून ओळखायची.
पण खडकातला झिरा आहे तिथं, उन्हाळ्यातही थंड,
आन् मोहाच्या झाडाखाली रेंज.
खालच्या फांदीला पिशवी टांगली आहे,
तिच्यात फोन ठेवला तरच वाजते.

म्हणून सकाळी माझा डोंगा पाण्याच्या कॅना नेते इकडून तिकडं,
येताना खैरीवाल्यांचे चार्ज झालेले फोन, टोपलीत,
मासोळ्यांसारखे एकावर एक.
फॉर्मात डोंग्याचा रकाना नव्हता.

फुलवंताला विचारलं त्यांनी.
माहेर खैरी, सासर टेंभर, अंतर अर्धी बिडी.
झिंगे निवडता निवडता ती म्हणाली,
"खैरीत डोळा लागते, इथं काम उरकते.
यात लिवण्यासारकं काय आहे बाई?"
मॅडमनं तरी काहीतरी लिहिलं.

मंग बकाराम दिघोऱ्याची गोष्ट निघाली.
सत्तर वर्षांचा खैरीचा माणूस,
टेंभरटेकाला जन्मभर नावं ठेवली:
तिथली माणसं कंजूष, तिथली कोंबडी चिवट,
पाय ठेवणार नाही, म्हणे.
पण सरण रचायला सपाट जागा तिकडंच आहे.
पुसात नेला म्या त्याला. भाडं घेतलं नाही.
डोंगा हलका चालला त्या दिवशी, का ते माहीत नाही.

"आता तो कोणत्या बेटात मोजता, जी?"
मॅडमचा पेन थांबला.
पाण्यावर एक पाणकोंबडी पळाली, तिच्याकडे पाहत राहिल्या.

परतीला उन्हं कलली.
कॅनीत उरलेलं पाणी प्यायल्या, दोन ओंजळी,
कुठलं, ते विचारलं नाही.
मंग घरी फोन लावायला गेल्या, तर बंद पडलेला.
मोठा काठ अजून लांब होता.
टेंभरटेकाला वीस मिनिटं चार्जिंग,
तिथून रेंजसाठी खैरी.
वल्हं पाण्यात तसंच धरून
म्या विचारलं,
वळवू का?